वीस चौरस मीटरचं स्वप्न आणि आमचा दहा बाय बाराचा हॉल

आपल्या कॉलेजात दोन प्रकारचे लोक आहेत. काहींना गाणं ऐकायचं असतं आणि काहींना स्पीकर ऐकायचे असतात. दुसऱ्या जमातीला 'ऑडिओफाईल' म्हणतात. हॉस्टेलच्या दर मजल्यावर असा एक तरी नग सापडतोच. तो तुम्हाला वॅट सांगेल, वूफरचे इंच सांगेल, केबलमध्ये तांबं किती शुद्ध आहे तेही सांगेल. पण त्याला विचारा, "बाबा रे, तुझी खोली किती बाय किती?" की स्वारी गप्प!

माझं म्हणणं एवढंच आहे की हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा. स्पीकर नंतर, वॅट त्याहून नंतर. कारण आपण जे ऐकतो त्यात स्पीकरइतकाच खोलीचाही आवाज असतो. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या मंडळी, गणित मात्र जरूर तपासून बघा.

आता गंमत ऐका. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची, म्हणजे आयटीयूची, 'बीएस १११६' नावाची एक शिफारस आहे. आवाजाचा दर्जा तपासणाऱ्यांनी ज्या खोलीत बसून स्टिरिओ ऐकायचं ती खोली कशी असावी, हे त्यात दिलंय. क्षेत्रफळ २० ते ६० चौरस मीटर! म्हणजे कमीत कमी २१५ चौरस फूट. आणि आपल्या मुंबईत झोपडपट्टी पुनर्वसनात मिळणारं अख्खं घर कितीचं? आधी २२५ चौरस फूट, मग २६९, आणि आता ३००. म्हणजे ऐकण्याच्या आदर्श खोलीत तिकडे दोन स्पीकर आणि एक खुर्ची असते, तेवढ्याच जागेत इकडे पाच माणसं, ओटा, मोरी आणि गणपतीचे पाहुणे मावतात.

आमचं घर देवनारला. हॉल दहा बाय बारा, उंची नऊ फूट. त्यात टीव्ही, शोकेस, कपाट, भावाचं अभ्यासाचं टेबल, दिवाण आणि दिवाणावर आजी. 'लिसनिंग रूम' म्हणाल तर हीच, बेडरूम म्हणाल तरी हीच. मग आपण हाय-फाय वगैरे सोडूनच द्यायचं का? मला तसं वाटत नाही. लहान खोलीचे स्वतःचे कायदे असतात. ते समजून घेतले तर लहान खोलीत उत्तम ऐकता येतं, आणि तेही फारसा खर्च न करता.

कायदा पहिला. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या आवाजाची अर्धी तरंगलांबी बरोबर मावते, तो आवाज खोली फुगवून सांगते. मुंबईच्या हवेत आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४५ मीटर धरा आणि त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. बारा फुटांसाठी उत्तर येतं ४७ हर्ट्झ, दहा फुटांसाठी ५७ आणि नऊ फुटांसाठी ६३. याच्या दुपटी म्हणजे ९४, ११३ आणि १२६. आता पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर असतो साधारण १०० ते १३० हर्ट्झच्या आसपास. पांढरी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६५ च्या आसपास. म्हणजे निवेदक, डग्गा, तंबोरा सगळे नेमके खोलीच्या तावडीत सापडतात. आणि ज्यांची हॉस्टेलची खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा फूट आहे, त्यांची तर कमालच. त्यांच्या तिन्ही दिशा एकाच ५७ हर्ट्झवर घुमणार! चौकोनी ठोकळा ही ऐकण्यासाठी सगळ्यात वाईट खोली, असं जाणकार म्हणतात ते यासाठीच.

मोठ्या सभागृहातही हे होतं, पण तिथे ते इतक्या खालच्या स्वरांवर होतं की कानाला त्रास नाही. श्रोडर नावाच्या शास्त्रज्ञाचं सूत्र आहे, ज्यावरून खोलीची ही दादागिरी कुठपर्यंत चालते ते कळतं. दहा हजार घनमीटरच्या आणि दोन सेकंद घुमणाऱ्या सभागृहात ती मर्यादा येते २८ हर्ट्झ. आमच्या ३० घनमीटरच्या हॉलमध्ये, आवाज विरायला अर्धा सेकंद धरला तर, ती येते जवळजवळ २५० हर्ट्झ. म्हणजे २५० च्या खाली तुमचे स्पीकर कोणत्या कंपनीचे आहेत यापेक्षा ते कुठे ठेवलेत आणि तुम्ही कुठे बसलात याला जास्त किंमत.

कायदा दुसरा. स्पीकर जितक्या पृष्ठभागांना चिकटून, तितका त्याचा खर्ज वाढतो. दर पृष्ठभागामागे जास्तीत जास्त ६ डेसिबल. आणि आपल्याकडे स्पीकर कुठे असतात? कपाटावर! कोपऱ्यात, छताला लागून, म्हणजे दोन भिंती आणि छत मिळून तीन पृष्ठभागांच्या बेचक्यात. लहान मुलांचे हात लागू नयेत, धूळ बसू नये, जागा अडू नये, ही सगळी कारणं रास्तच. आमच्याकडेही बाबांनी लग्नानंतर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला असेंबल केलेला अँप्लिफायर आणि त्याचे दोन भलेमोठे स्पीकर अशीच कपाटांवर विराजमान होते.

आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला नाट्यसंगीत लागतं आणि दुपारी कीर्तन. अलीकडे ती एकच तक्रार करायची, "गाणं ऐकू येतं गं, पण शब्द कळत नाहीत." मग आई आवाज वाढवायची. आवाज वाढला की भाऊ पुस्तक घेऊन जिन्यात जायचा, शेजारच्या काकू दार वाजवायच्या, आणि आजी ओशाळून "बंद कर ते" म्हणायची. हळूहळू तिने गाणं लावायला सांगणंच सोडून दिलं. माझ्या दृष्टीने या विषयातली खरी गोष्ट ही आहे. घरातलं एक माणूस आवाजाच्या बाहेर चाललं होतं आणि आम्ही सगळे 'वय झालं' म्हणून गप्प होतो.

वय झालं हे खरंच. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होतं, आणि स, त, क अशी शब्दांची ओळख पटवणारी व्यंजनं त्याच पट्टीत असतात. पण खालचे जाड आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतात, हेही तितकंच खरं. म्हणजे कान आधीच अर्धी व्यंजनं गाळतोय, उरलेली आमचा हॉल गाळत होता. व्हॉल्यूम वाढवून दोन्ही एकत्र वाढणार, शब्द कुठून कळणार?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही स्पीकर खाली उतरवले. दोन स्टुलांवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला, भिंतीपासून दीड फूट पुढे. आजी दिवाणाच्या कोपऱ्यातल्या टोकाला टेकून बसायची. तिचा लोड दुसऱ्या टोकाला सरकवला, म्हणजे ती मागच्या भिंतीपासून साडेचार फुटांवर आली. कारण भिंतीलगत खर्ज सगळ्यात जास्त फुगतो आणि बरोबर मधोमध काही स्वर गायबच होतात. बारा फुटांच्या खोलीत साडेचार फूट ही बऱ्यापैकी मधली तडजोड. स्पीकर तिच्यापासून दहा-अकरा फुटांवर होते ते सहा फुटांच्या आत आले. उघड्या मैदानात अंतर निम्मं झालं की आवाज ६ डेसिबलने वाढतो, म्हणजे तेवढ्याच आवाजाला पाव शक्ती पुरते. खोलीत भिंतींमुळे फायदा थोडा कमी, पण मिळतो नक्की. शेजारच्या भिंतीवर आईने जुनी गोधडी टांगली. एकूण खर्च, दोन खिळे.

संध्याकाळी कीर्तन लावलं. पाच मिनिटांनी आजी म्हणाली, "जरा बारीक कर, ओरडतोय कशाला तो!" आमच्या घरात कित्येक महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आजीसाठी आवाज कमी केला.

पुस्तकात म्हणतात तसा समभुज त्रिकोण आमच्याकडे झाला नाही. दिवाण एका बाजूला असल्यामुळे होणारही नव्हता. पण माझं मत असं की तो त्रिकोण एका माणसासाठी काढलेला आहे. एक खुर्ची, एक श्रोता, बाकी घर बाहेर. आपल्याकडे हॉल एकच आणि माणसं पाच. मग ती मोक्याची जागा कुणाला द्यायची? ज्याने पैसे घातले त्याला, की ज्याच्या कानाला गरज जास्त त्याला? मी दुसऱ्या बाजूने आहे. तरुण कान जरा वाकड्या कोनातूनही भागवून घेतो.

आता आक्षेप. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राने विचारलं, "गाणं खरं असेल तर खोली कशाला बघायची? भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकली आणि १९३३ मध्ये घर सोडलं. ती काय ट्रीट केलेल्या खोलीत ऐकली होती?" मुद्दा जोरदार आहे. तीन-सव्वातीन मिनिटांची ती तबकडी, करकर आवाज, आणि तरी एवढी ताकद! पण लक्षात घ्या, ऐकणारे कान अकरा वर्षांचे आणि भीमसेनांचे होते. आपण ज्यांच्यासाठी खोली लावतोय त्यांचे तसे नाहीत. दुसरा आक्षेप, हेडफोन आहेत की! आहेत, आणि परीक्षेच्या काळात उत्तमच. पण हेडफोन लावून घरात पाच माणसं पाच गाणी ऐकतात आणि कुणाचीच दाद कुणाला कळत नाही. आपलं संगीत बैठकीत वाढलं. गवई पाच-सहा हातांवर, 'क्या बात है' म्हणायला शेजारी कुणीतरी. त्या मापाला दहा बाय बारा काही परका नाही.

एक-दोन गैरसमजही उडवून टाकते. भिंतीला अंड्यांचे ट्रे लावून काही होत नाही, आग लागायला मात्र मदत होते. एक इंची फोम वरचे स्वर खातो आणि खर्ज तसाच ठेवतो, कारण ६० हर्ट्झची लाट पावणेसहा मीटर लांब असते, तिला एक इंच म्हणजे काय? आणि यातल्या कशानेही आवाज शेजाऱ्यांकडे जायचा थांबत नाही. त्याला जड भिंत आणि बंद फटी लागतात, जे भाड्याच्या घरात आणि हॉस्टेलवर शक्य नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. जवळ बसून हळू ऐकणं हा आपल्याला परवडणारा एकमेव 'साउंडप्रूफिंग' आहे.

शेवटी एका माणसाबद्दल सांगते. वॉलेस सबाईन. १८९५ मध्ये हार्वर्डला शिकवणारा सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक. तिथल्या फॉग म्युझियमच्या लेक्चर हॉलमध्ये एक शब्द साडेपाच सेकंद घुमायचा, कुणाला काही कळायचं नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) त्याने रात्री-अपरात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवून आवाज किती वेळात विरतो ते मोजलं, आणि त्यातून सूत्र काढलं. घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण. शोषण मोजायला त्याने एकक घेतलं उघडी खिडकी. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणजे शंभर टक्के शोषण! आमच्या देवनारला मात्र सबाईनची खिडकी उघडताना वारं कुठून येतंय ते बघावं लागतं. १९२७ पासूनचं डम्पिंग ग्राउंड शेजारी आहे, आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या फोटोंतही दिसला होता. म्हणून आमच्याकडे खिडकीचं काम गोधडी करते.

त्याच सूत्राने आमच्या हॉलचा हिशोब सोपा आहे. नुसतं प्लास्टर आणि टाइल्स असतील तर आवाज विरायला जवळजवळ दोन सेकंद. गादी, पडदे, पुस्तकं आणि माणसं मिळून दहा चौरस मीटर उघड्या खिडकीएवढं शोषण झालं की अर्धा सेकंद. भरलेलं घर रिकाम्या घरापेक्षा चांगलं ऐकू येतं, हे सबाईनने सिद्ध केलंय बरं का!

तर रेक्टर सरांना आणि सगळ्या हॉस्टेलकरांना माझी एक विनंती. आपल्या कॉमन रूममध्ये मॅच बघताना कॉमेंट्री कळत नाही, म्हणून आपण आवाज वाढवतो, आणि मग तर काहीच कळत नाही. एका रविवारी परवानगी द्या. वीस जणांनी आपापली गादी खाली आणायची, भिंतींना उभी करायची, फुगा फोडायचा आणि मोबाईलवर मोजायचं, गाद्यांआधी किती आणि नंतर किती. स्पीकर कोपऱ्यातून काढून बघायचे. फरक पडला तर जाड पडद्यांसाठी अर्ज मी लिहिते, आकड्यांसकट. नवीन, मोठे स्पीकर घ्यायची मागणी त्यानंतर करू. बहुतेक लागणार नाही.

गाद्या रात्री दहाच्या आत परत जागेवर जातील, याची हमी माझी!