आरपीजीतली भूमिका कुठे गेली?

रोल-प्लेइंग गेम म्हणजे भूमिका जगण्याचा खेळ. नाव असं असलं तरी मोठ्या बजेटच्या बहुतेक आरपीजीमध्ये भूमिका शोधावी लागते. सापडतात ते आकडे. लेव्हल १२, तलवारीचं डॅमेज ४८, पुढच्या लेव्हलला अजून इतके पॉइंट. माझं स्पष्ट मत आहे की खरी भूमिका आज छोट्या इंडी गेम्समध्ये आहे, आणि त्यातल्या काहींना तर कुणी आरपीजी म्हणतही नाही.

सगळ्यांच्या लाडक्या 'स्कायरिम'पासून सुरुवात करू. २०११चा हा गेम दिसायला अफाट आहे. त्यात तुम्ही योद्ध्यांच्या संघाचे प्रमुख होता, चोरांच्या टोळीचे म्होरके होता, आणि एखाद-दुसरा मंत्र येत असला तरी जादूच्या विद्यापीठाचे मुख्यही होता. सगळं एकाच वेळी. आपल्याकडे एकच पुढारी साखर कारखाना, दूध संघ आणि बँक सांभाळतो, तसं. फरक इतकाच की आपल्याकडे निदान विरोधक तरी बोंब मारतात. स्कायरिममध्ये कुणाला काही फरकच पडत नाही. ज्या भूमिकेमुळे काहीच बंद होत नाही, काहीच गमवावं लागत नाही, ती भूमिका कसली? तो नुसता पोशाख.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आणला. टेबलाभोवती मित्र बसायचे, आणि एकजण डन्जन मास्टर व्हायचा. खेळाडूनं काहीही विचित्र करायचं ठरवलं तरी हा माणूस त्यावर जगाची प्रतिक्रिया तयार करायचा. फासे आणि आकडे होते, पण मदतीला. मग खेळ कॉम्प्युटरवर आला. कॉम्प्युटरला बेरीज उत्तम जमते, ऐनवेळी गोष्ट रचणं जमत नाही. त्यामुळे आकडे पुढे आले आणि तो माणूस मागे राहिला.

मी कोड लिहून पोट भरतो, म्हणून यातली अडचण मला कळते. 'खेळाडूनं चोरी केली' एवढी नोंद ठेवायला काहीच लागत नाही. अवघड आहे ते त्या नोंदीची पुढे सगळीकडे दखल घेणं. नुसते १० हो-नाहीचे निर्णय घेतले, तरी १,०२४ वेगवेगळ्या अवस्था होतात. एवढ्या जणींचे संवाद कोण लिहिणार, कोण तपासणार? जग जितकं मोठं, तितकी त्याची स्मरणशक्ती कमी. मग रिकाम्या जागेत खोगीरभरती होते: दहा लांडगे मारा, वीस झाडपाले गोळा करा.

आता 'पेपर्स, प्लीज' बघा. लुकास पोप यांचा २०१३चा गेम. आर्स्टोत्झ्का नावाच्या काल्पनिक देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासणारे कारकून. अख्खं जग म्हणजे एक खिडकी. माणसामागे ५ क्रेडिट मिळतात, आणि रात्री त्यातून भाडं, जेवण, घर गरम ठेवणं, औषध असा हिशोब लावायचा. एक नवरा येतो, त्याची कागदपत्रं ठीक असतात. जाता जाता तो विनवतो की मागे माझी बायको आहे, तिला सोडा. तिच्याकडे परवाना नसतो. काय कराल?

इथे नियमांची गंमत आहे. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद, तिसरीपासून दंड. थोड्याच दिवसांत खेळाडू या दोन ताकिदी साठवायला लागतो. म्हणजे रोज दोनच माणसांवर दया परवडते. मग कुणावर करायची? हा आकडाच आहे, पण तो तुम्हाला कारकून बनवतो. तुम्ही हळूहळू लोकांकडे बघणं बंद करता आणि तारखांकडे बघायला लागता. हे स्वतःच्या हातून होताना पाहणं, याला मी भूमिका म्हणतो.

टोबी फॉक्स यांचा 'अंडरटेल' (२०१५) तर आकड्यांवरच उलटतो. एकालाही न मारता तो पूर्ण करता येतो. कुणाला मारलं, वाईट वाटलं, म्हणून जुना सेव्ह लोड करून त्याला वाचवलं, तरी एक पात्र टोमणा मारतं: तू काय केलंस ते मला माहीत आहे. 'डिस्को एलिझियम'मध्ये (२०१९) लढाईची वेगळी यंत्रणाच नाही. स्मृती गेलेल्या दारुड्या डिटेक्टिव्हच्या डोक्यात २४ कौशल्यं आवाज होऊन भांडतात. एखादं वाढवलं की तेच डोक्यावर बसतं. एन्सायक्लोपीडिया वाढवा, तो नको तेव्हा नको ती माहिती पाजळेल. गोष्ट घडते शहराच्या एका मोहल्ल्यात. जागा लहान, म्हणून तिला सगळं आठवतं.

पण आपण गेम मोजतो कशानं? तासांनी. २०२२च्या जानेवारीत 'डाइंग लाइट २'च्या कंपनीनं मिरवलं की गेम संपूर्ण करायला किमान ५०० तास लागतील, वॉर्सा ते माद्रिद चालत जायला लागतील जवळजवळ तेवढे. लोकांनी झोडपल्यावर खुलासा आला की मुख्य गोष्ट त्यापेक्षा कितीतरी लहान आहे. उलट कॅनडात आलेल्या तमिळ कुटुंबाची गोष्ट सांगणारा 'वेंबा' (२०२३) एका बैठकीत संपतो, तर 'पैसा वसूल नाही' अशी कुरकुर. आमटीत पाणी ओतून ती दहा जणांना पुरवली, तर आपण आचाऱ्याचं कौतुक करतो का?

दोन आक्षेप मला मान्य आहेत. पहिला, 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) प्रचंड आहे आणि तरी तुमचे निर्णय लक्षात ठेवतो. खरंय. पण त्यासाठी लॅरियननं तो जवळजवळ तीन वर्षं अर्धवट अवस्थेत लोकांच्या हातात देऊन घासूनपुसून घेतला. इतका धीर किती कंपन्यांकडे आहे? दुसरा, इंडी म्हणजे सोवळं नव्हे. एरिक बॅरोननं एकट्यानं घडवलेला 'स्टार्ड्यू व्हॅली' मलाही आवडतो, पण त्यातलं प्रेम म्हणजे आठवड्याला दोन भेटवस्तू आणि २५० पॉइंटला एक बदाम. हीसुद्धा बेरीजच.

दिवसभर ऑफिसात राबून आल्यावर डोकं बाजूला ठेवून लांडगे मारण्यात मजा आहे, तेही कबूल. पण टार्गेट, पॉइंट, प्रमोशन हे सगळं ऑफिसात असतंच. घरी येऊन पुन्हा त्याच पाट्या टाकायच्या, तर त्याला निदान भूमिका म्हणू नका.

हे भांडण आपल्या दारातलंही आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये 'राजी' काढला. देव, असुर, भव्य महाल, सगळं देखणं. असे गेम हवेतच. पण गेम करायला निघालेली आपल्याकडची मुलं पहिलंच स्वप्न महाकाव्याचं बघतात, आणि तिथेच दमतात. पोप यांना एक खिडकी पुरली. आपल्याकडे खिडक्यांची वाण नाही: तलाठी कार्यालयाची, रेशन दुकानाची, सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरची. तिथे बसलेल्या माणसाला रोज ठरवावं लागतं की आज कुणाला 'उद्या या' म्हणायचं. तो गेम अजून कुणी केलेला माझ्या पाहण्यात नाही. तीन तासांचा असला तरी मी पूर्ण किमतीला घेईन.