जुनी डिस्क परत मागा

यंत्रातला एक भाग बदलला की ते यंत्र आपले राहते की परके होते? हा प्रश्न मला गेल्या दिवाळीपासून छळतो आहे.

माझा लॅपटॉप 2014 सालचा, वापरलेला. वडिलांनी मार्केट यार्डातील हमालीच्या पैशातून घेऊन दिला. महाविद्यालयाची पायरी चढणारा आमच्या घरात मीच पहिला, त्यामुळे घरची मंडळी त्याला हात लावतानाही बिचकतात. आतील डिस्क अवघी 128 जीबीची. ती भरली म्हणून बाजारातील 512 जीबीची बसवून घेतली. दुकानदाराने विचारले, "जुनी हवी का?" मी ऐटीत म्हणालो, "राहू द्या."

दुसऱ्याच दिवसापासून झाकण मिटले की यंत्र झोपी जाई, ते उठेचना! चौकशीअंती कळले ते असे. फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये असलेला, डिस्कच्याही आधी जागा होणारा प्रोग्राम. माझ्या यंत्रातील फर्मवेअर जुने. नव्या एनव्हीएमई जातीची डिस्क झोपेतून कशी उठवावी हे त्याला ठाऊक नाही. नव्या फर्मवेअरला ठाऊक आहे. परंतु कंपनी ते सुटे देत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमच्या इन्स्टॉलरबरोबरच देते. आणि हा इन्स्टॉलर आत मूळ डिस्क नाही म्हणून अडून बसतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! उपाय एकच, जुनी डिस्क पुन्हा बसवून अपडेट करायचे, मग नवी लावायची. मी दुकानात धावलो. जुनी डिस्क केव्हाच विकली गेली होती.

चूक माझी आहेच. पण "सुरक्षिततेसाठी असे करावे लागते," असे आमचे एक सर म्हणाले, ते मात्र मला पटत नाही. अपडेट अस्सल की बनावट हे कंपनीच्या डिजिटल सहीवरून पडताळता येते. त्यासाठी डिस्कचे कुळ कशाला विचारायचे? लिनक्सवाल्यांच्या एलव्हीएफएस या भांडारातून 2015 पासून फर्मवेअर मिळते, तिथे डिस्क कोणत्याही कंपनीची चालते. उलट अपडेट अडवण्यातच धोका आहे. डिसेंबर 2023 मध्ये उघडकीस आलेल्या 'लोगोफेल'सारख्या त्रुटी फर्मवेअर बदलल्यावाचून बुजत नाहीत.

केंद्र सरकारने 2022 साली 'राइट टु रिपेअर' पोर्टल सुरू केले. दुरुस्तीच्या या हक्कात फर्मवेअरही धरले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. तोवर, मित्रहो, दुकानदाराने विचारले तर "द्या" म्हणा. न विचारले तर मागून घ्या.

हा लेख मी झाकण उघडे ठेवूनच टाइप केला आहे.

— एक विद्यार्थी, द्वितीय वर्ष कला