तोडलेले झाड जाते कुठे?

दक्षिण आफ्रिकेतील पीटरमारित्झबर्ग येथील राष्ट्रीय वनस्पती उद्यानात २०१७ साली पाहणी करताना संशोधकांना प्लेन वृक्षांच्या खोडांवर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आढळली. ती पाडणारा भुंगेरा जेमतेम दोन मिलिमीटर लांबीचा, मूळचा आग्नेय आशियातील. मागाहून जुने नमुने तपासले असता तो २०१२ मध्येच दरबानमध्ये पोहोचला होता, असे निष्पन्न झाले. पाच वर्षे त्याची दखलच कोणी घेतली नव्हती.

'पॉलिफॅगस शॉट होल बोअरर' असे भारदस्त नाव मिरवणारा हा कीटक लाकूड खात नाही. तो चक्क शेती करतो! मादी जबड्याजवळच्या पिशवीत फ्युझेरियम बुरशीचे बीजाणू घेऊन येते, खोडात बोगदा कोरते, त्याच्या भिंतींवर बुरशी वाढवते आणि अळ्यांना त्यावरच पोसते. ही बुरशी झाडाच्या जलवाहिन्या निकामी करते आणि झाड वाळू लागते. भावाबहिणींचे मीलन बोगद्यातच उरकत असल्याने नवी वसाहत थाटण्यास एक मादीही पुरते. खोडात दडलेल्या, लाकूड न खाणाऱ्या या कीटकापुढे फवारणी बव्हंशी निष्प्रभ ठरते. आपल्याकडे सांगोला भागातील डाळिंब बागायतदारांनी याच जातकुळीच्या खोडकिडीचा फटका सोसला आहे. त्यांना हे निराळे सांगावयास नको.

ओक, मेपल, पांगाऱ्याच्या कुळातील स्थानिक झाडे, काहीच त्याला वर्ज्य नाही. परंतु दरबानचा भुंगेरा जोहान्सबर्ग, जॉर्ज, केपटाउनपर्यंत केवळ पंखांच्या बळावर गेला, हे संभवत नाही. तो लाकडातून, विशेषतः सरपणातून गेला, असेच अभ्यासक मानतात. म्हणजे रोगट झाड तोडणे हा अर्धाच उपाय झाला. ओंडक्यांचा जागीच भुगा करणे किंवा ते जाळणे हा उरलेला अर्धा, आणि तोच खर्चिक. या कीटकामुळे दहा वर्षांत सुमारे १८ अब्ज डॉलरचा भार पडेल, असा अर्थतज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यातील मोठा वाटा शहरांतील झाडे तोडून त्यांची विल्हेवाट लावण्याचा, म्हणजे पालिकांच्या माथी.

आक्रमक परकीय प्रजातींच्या सरकारी यादीत या भुंगेऱ्याचे नाव आता आहे. यादीने ओंडके थांबत नाहीत. 'ब्राय' या तेथील लाडक्या निखाऱ्यांवरच्या मेजवानीसाठी रस्त्याकडेला मोळ्या विकल्या जातात. त्या कुठल्या झाडाच्या, हे विचारणारे गिऱ्हाईक विरळाच.