उन्हाळ्यापुरते पाचारण

उन्हाळी सुटीत परदेशी मिशनकार्यास जाण्याचे पाचारण आपणांस झाले आहे, असे एखादा तरुण सांगतो तेव्हा आम्ही त्याला प्रथम विचारतो : तेथील भाषा येते का? हा प्रश्न बहुतेकांना रुचत नाही. हाक देवाची असेलही. परंतु ती ज्यांच्या दारी नेते, त्यांच्याशी बोलायचे कोणत्या तोंडाने?

मेक्सिकोतील खेड्यांत उन्हाळ्यापुरते सेवेस जाणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना इव्हान इलिच या धर्मगुरूने १९६८ च्या एप्रिलमध्ये तोंडावर सुनावले होते : पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. इलिच हे क्वेर्नाव्हाका येथे मिशनऱ्यांना स्पॅनिश शिकविण्याचे केंद्र चालवीत. त्यांचे बोलणे अनुभवाचे होते. (ते कठोर होते, हे आम्हांलाही मान्य.)

काहीच न करण्यापेक्षा बरे, असे म्हणणाऱ्यांना आमचा सवाल आहे की, तेथे गवंडी नाहीत काय? विमानाच्या भाड्यात त्यांना किती दिवसांची मजुरी मिळाली असती?

फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ मध्ये तेथेच निवर्तले. त्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' छापले गेले ते १६१६ साली, म्हणजे सदतीस वर्षांनी! आमच्या वसईहून डहाणू-तलासरीस जायला पासपोर्ट लागत नाही. तेथील वारली बोली शिकायला आमच्यापैकी कितीजण तयार आहेत?