पाटीमागची नोंदणी

वैद्यकीय व्यवसायात पस्तीस वर्षे काढल्यावर स्वतःच्या चुकांकडे शांतपणे पाहता येऊ लागते. माझ्या हातून झालेली एक चूक अवघ्या एका ओळीच्या चिठ्ठीची होती. या स्मरणिकेच्या निमित्ताने ती सांगावीशी वाटते. कारण तशी चिठ्ठी आपल्यापैकी पुष्कळांनी लिहिली असेल.

वडोदऱ्यातील माझ्या दवाखान्यात अनेक वर्षे येणारे एक शिक्षक. द्विध्रुवी मनोविकारासाठी मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम सुरू केलेले आणि प्रकृती स्थिर. घरातील ताणांविषयी कोणाशी मोकळेपणाने बोलता आले तर बरे होईल, असे त्यांच्या पत्नीने सुचविले. जवळच एका समुपदेशन केंद्राची नवी पाटी लागली होती. मी तेथील पत्ता लिहून दिला. त्या व्यक्तीचे शिक्षण कोणते, नोंदणी आहे काय, हे विचारण्याचे मला सुचलेही नाही. तीन बैठकींनंतर ‘या गोळ्या म्हणजे मनाच्या कुबड्या’ असे सांगून त्या बंद करविण्यात आल्या. पुढे दीड महिन्यात उन्मादाचा झटका येऊन त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाटी लावणाऱ्याचा दोष आहेच. परंतु माझी चिठ्ठी नसती तर ते त्या दारी गेलेच नसते. रक्त तपासण्यासाठी रुग्ण पाठविताना आपण प्रयोगशाळेत पॅथॉलॉजिस्ट आहे ना, याची खात्री करतो. मनाच्या बाबतीत मात्र पाटीवर विसंबतो.

या क्षेत्रातील कायदा आपणांपैकी बहुतेकांनी वाचलेला नसतो. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करण्यासाठी १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद अधिनियमानुसार केंद्रीय नोंदपटात नाव असावे लागते. नोंदणीविना व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने ‘सायकियाट्रिक सोशल वर्कर’चीही व्याख्या केली: समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यावर देखरेखीखालील रुग्णानुभवासह दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. अशा व्यावसायिकांची नोंदणी करून त्यांची यादी प्रसिद्ध करण्याचे काम या कायद्याने राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे सोपविले आहे.

उरतो तो ‘समुपदेशक’ हा सैल शब्द. २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात क्लिनिकल वगळता अन्य मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, तसेच वैद्यकीय व मनोचिकित्सा क्षेत्रातील समाजकार्यकर्ते यांना प्रथमच स्थान मिळाले. परंतु राज्यपरिषदा आणि त्यांची नोंदणी सर्वत्र सारख्या गतीने उभी राहिलेली नाही. या मधल्या काळात चार दिवसांच्या प्रमाणपत्रावरही पाटी लागू शकते.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो क्षुल्लक नाही. बंगळुरूच्या निम्हान्सने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना तत्कालीन मनोविकार आढळला आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून वंचित दिसले. अशा दुष्काळात पात्रतेचा आग्रह धरणे म्हणजे तहानलेल्याला पेला स्वच्छ नाही म्हणून पाणी नाकारणे नव्हे काय? माझे उत्तर असे: ऐकून घेणारे, धीर देणारे, रुग्णाला योग्य ठिकाणी पोहोचविणारे स्वयंसेवक हवेतच, त्यांना परवान्याची गरज नाही. परंतु स्वतंत्रपणे उपचार करणे ही वेगळी जबाबदारी आहे आणि ती उत्तरदायी व्यक्तीनेच घ्यावी. तक्रार आल्यास नोंदणीकृत व्यावसायिकाला कोणाला तरी जाब द्यावा लागतो. माझ्या रुग्णाच्या पत्नीला दाद मागण्यासाठी असे एकही दार नव्हते.

दुसरी बाजू आपल्या तरुणांची. समाजातील अनेक मुली आज मानसशास्त्र व समाजकार्य निवडतात, आणि आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तर समाजकार्याची स्वतंत्र विद्याशाखाच आहे. कामाची वाण नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकारतज्ज्ञाबरोबर या दोन्ही व्यावसायिकांची पदे असतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सेवेलाही प्रशिक्षित समुपदेशक लागतात. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले.

तथापि पदवीची भेंडोळी हातात आल्यावर परवान्याचा विचार करणे महागात पडते. माझ्या भाचीने पत्राद्वारे मानसशास्त्रात एम.ए. केले, केवळ त्यावर क्लिनिकल नोंदणी मिळत नाही, हे तिला नोकरीच्या मुलाखतीत समजले. दूरस्थ पद्धतीने मानसशास्त्र शिकविण्यास विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मनाई केली आहे. एम.फिल. ही पदवीच आयोगाने २०२२ च्या नियमांत बंद केली. या दोन विषयांपुरती २०२५-२६ च्या सत्रापर्यंत मुदत दिली गेली. म्हणून प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी पालकांनी एकच प्रश्न विचारावा: या अभ्यासक्रमानंतर नोंदणी कोणाकडे आणि कोणत्या नावाने होईल? उत्तर माहितीपत्रकात शोधू नये. ते संबंधित परिषदेकडूनच घ्यावे.

आपल्या संस्थेने तीन साध्या गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. सभासद-सूचीत शहरातील नोंदणीकृत मानसशास्त्रज्ञ व समाजकार्यकर्ते यांची नावे नोंदणी क्रमांकासह छापावीत. दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात या व्यवसायाची माहिती पात्र व्यक्तीकडूनच द्यावी. आणि आपल्या रुग्णालयांत त्यांना नियमित वेळ, खोली व योग्य मानधन द्यावे. फुकट सेवेची अपेक्षा ठेवून पात्र माणसे मिळत नाहीत अशी तक्रार करणे आपल्याला शोभत नाही.

ते शिक्षक आजही माझ्याकडे येतात. लिथियम नियमित चालू आहे. मागील वर्षी त्यांनी पुन्हा बोलण्यासाठी कोणी सुचवा, असे म्हटले, तेव्हा मी त्यांच्यासमोरच एका मानसशास्त्रज्ञ बाईंना दूरध्वनी करून नोंदणी क्रमांक विचारला. त्यांना राग आला नाही. उलट, इतक्या वर्षांत हे विचारणारे आपण पहिलेच डॉक्टर, असे त्या म्हणाल्या.