घरांतील कर्णा

शाळेच्या वार्षिकांत गाण्याच्या यंत्राविषयीं लिहावें कीं नाहीं, याचा आम्हीं पुष्कळ दिवस विचार केला. अभ्यास, शिस्त, शरीरसंपत्ति हे आपले नेहमींचे विषय. त्यांत स्पीकरला कोठें जागा? परंतु गेल्या माघांत एक लहानशी गोष्ट घडली व तिनें आमचा संकोच दूर केला. वर्गांतील एक विद्यार्थी शुद्धलेखनाच्या तासाला प्रत्येक वाक्यास मान वर करून आमच्या ओठांकडे पाहूं लागला. मुलगा हुशार, अक्षर मोत्यासारखें. पण त्या दिवशीं त्याच्या वहींत निम्मे शब्द भलतेच उतरले. जवळ बोलावून विचारतां कळलें कीं, आदल्या रात्रीं मुरबाडकडील एका गांवीं तो नात्यांतल्या हळदीला गेला होता, आणि टेंपोवर रचलेल्या डीजेच्या भिंतीसमोर मध्यरात्रीपर्यंत नाचला होता. कानांत शिटी वाजत होती. ती तीन दिवस वाजली. डॉक्टरांनीं तपासून, "या वेळीं सुटलास," असें त्यास सांगितलें. "या वेळीं" हे दोन शब्द आमच्या मनांतून अजून जात नाहींत.

दुसरीकडे शहापूर, आसनगांव, मुरबाड येथील पुष्कळ घरांत आतां चांगल्या प्रतीचे स्पीकर येऊं लागले आहेत. ज्या कोपऱ्यांत पूर्वीं रेडिओ असे, तेथें लांकडी पेटींतले दोन कर्णे उभे दिसतात. पालक मंडळी कौतुकानें आम्हांस बोलावितात, आणि यंत्राची परीक्षा म्हणून आवाज शेवटच्या टोकापर्यंत नेऊन दाखवितात. खिडकीचीं तावदानें थरथरलीं कीं यजमानांचें समाधान होतें. आम्हांस नम्रपणें असें सुचवावयाचें आहे कीं, ही परीक्षाच उलटी आहे. मोठ्यानें ओरडणें कोणत्याहि कर्ण्यास साधतें. अगदीं हळू आवाजांतहि ज्याच्यावर सारें कांहीं ऐकूं येतें, तोच कर्णा चांगला. आणि घरीं उत्तम यंत्र आणावयाचें तें हळू ऐकतां यावें म्हणून. या एका म्हणण्याच्या पुष्टीसाठींच आम्हीं लेखणी हातीं घेतली आहे.

प्रथम थोडें शास्त्र. मनुष्याचा कान तरुण व निरोगी असतां त्यास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें असलेले ध्वनि ऐकूं येतात. मोबाइलमधील स्पीकर पाहावा तर बोटाच्या नखाएवढा. खर्जाचा स्वर उमटण्यास पुष्कळ हवा हलवावी लागते, आणि तेवढी ताकद त्या नखांत नसते. म्हणून मोबाइलवर डग्ग्याचा घुमारा नाहींसा होऊन नुसती टकटक शिल्लक राहते. गंमत अशी कीं, मूळ स्वर गेला तरी त्याच्या वरच्या अंशस्वरांवरून आपला मेंदू तो भरून काढतो. चाल ओळखूं येते, गुणगुणतां येते, आणि आपणांस वाटतें कीं सारें गाणें ऐकलें. वस्तुतः आपण त्याचा सांगाडा ऐकलेला असतो. मग कांहीं तरी उणें आहे असें वाटून मुलें आवाज वाढवितात. त्यानें खर्ज परत येत नाहीं, कर्कशपणा तेवढा वाढतो. मोठ्या आवाजाची चटक लागण्याचें एक मूळ येथें आहे, असें आमचें मत आहे.

तर मग चांगल्या यंत्रावर पहिल्यानें काय ऐकावें? आमचें उत्तर ऐकून मंडळी हंसतात. तरी तें सांगतों. नुसता तंबोरा ऐकावा. मिरजेस तंबोरे घडविणारीं घराणीं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. तेथील सतार व तंबोरा यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. वाळलेल्या भोपळ्याच्या त्या वाद्याच्या घोडीवर तारेखालीं सुताचा बारीक धागा सरकवून जवारी साधतात. मग तार एकाच स्वरानें बोलत नाहीं. तिच्या पोटांतून अनेक स्वर झळाळून वर येतात. खर्जाची तार नीट जुळली असतां तिच्यांतून गंधार ऐकूं येतो, आणि चार तारांपैकीं एकहि तार गंधाराला लावलेली नसते! तारेच्या मूळ कंपनांच्या पांचपट कंपनांचा जो अंशस्वर, तो हाच; गवई यास स्वयंभू गंधार म्हणतात. आवाज अगदीं हळू ठेवून हा गंधार ऐकूं आला, तर यंत्र चांगलें आणि कानहि चांगले. कर्णा विकत घेण्यापूर्वीं दुकानांत हीच परीक्षा घ्यावी.

त्यानंतर जुन्या तबकड्या ऐकाव्या. त्या आतां आंतरजालावर सहज मिळतात. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचीं गाणीं मुद्रित झालीं, तेव्हांपासून आपल्या देशांत ध्वनिमुद्रिकांचें युग सुरू झालें. त्या काळच्या तबकड्यांत लाख घालीत. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांपासून ती मिळते. फाल्गुनांत आपल्या रानांत जो पळस पेटलेला दिसतो, त्याच जातीच्या झाडांनीं पोसलेल्या किड्यांच्या लाखेवर थोर गवयांचे आवाज टिकले, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें. तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मिळत. तेवढ्या अवकाशांत मिरजेचे उस्ताद अब्दुल करीम खां (१८७२–१९३७) झिंझोटींतली ठुमरी अशी गाऊन गेले आहेत कीं, ती दुकानांत ऐकून लहानग्या भीमसेन जोशी यांस गाण्याचें वेड लागलें, व १९३३ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, ते गुरूच्या शोधार्थ घर सोडून निघाले.

येथें कोणी आम्हांस अडवील: "मास्तर, भीमसेनजींनीं ती ठुमरी दुकानांतल्या साध्या यंत्रावर ऐकली. मग उत्तम यंत्राचें एवढें स्तोम कशासाठीं?" आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो मान्य करितों. ऐकण्याची भूक असली तर साधें यंत्र पुरतें. ती नसली तर महाग यंत्रहि कपाटाच्या शोभेपुरतें उरतें. परंतु तो मुलगा थांबून, सारें विसरून, तबकडी संपेपर्यंत ऐकत राहिला, हें विसरूं नये. आज आमचे विद्यार्थी एक गाणें अर्धें होण्यापूर्वीं दुसऱ्याकडे वळतात. चांगला कर्णा थांबावयास लावतो, कारण प्रत्येक वेळीं पूर्वीं न ऐकलेलें कांहीं तरी त्यावर हातीं लागतें. आमच्या मतें त्याचा उपयोग एवढाच, पण तो लहान नव्हे.

उदाहरणार्थ, गोव्यांतील केरी गांवच्या केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची "जात कहाँ हो" ही भैरवी घ्या. १९७७ सालीं व्हॉयेजर नांवाचीं दोन यानें अवकाशांत गेलीं. प्रत्येकावर एकेक सोनेरी तबकडी ठेविली असून, तींत साऱ्या जगांतून निवडलेल्या २७ संगीतकृति आहेत. भारताची त्यांत ही एकच, साडेतीन मिनिटांची. सप्टेंबर महिन्यांत व्हॉयेजर-१ पृथ्वी सोडून गेलें, आणि त्याच महिन्यांत केसरबाई निवर्तल्या. मोबाइलवर हा आवाज किनरा व दूरचा वाटतो. चांगल्या कर्ण्यावर ऐकावा, म्हणजे आकाराचा गोलावा आणि दम न तुटतां उलगडत जाणारी तान हीं ध्यानांत येतात. त्याच तबकडीवर जर्मन संगीतकार बाख याच्या तीन रचना आहेत. त्यांपैकीं एक एकट्या व्हायोलिनची आहे. ती हळू लावली असतां गज तारेवर टेकतांनाचा बारीक घांसहि ऐकूं येतो. गाणारें, वाजविणारें माणूस आपल्या खोलींत आल्याचा भास होतो तो अशा बारकाव्यांमुळें.

परंतु दूरच्या थोरांचेंच कौतुक करून आम्ही थांबलों तर आपल्या मुलखाशीं अप्रामाणिक ठरूं. तंबोऱ्यास जसा भोपळा, तसाच तारप्यासहि भोपळा! वारली बांधवांचें हें वाद्य दुधी भोपळा, बांबू व ताडाचीं पानें यांचें करितात, आणि नव्या भाताच्या दिवसांत त्याच्याभोंवतीं फेर धरितात. वाजविणारा गालांत हवा धरून श्वास घेतो, म्हणून सूर तुटत नाहीं. गेल्या दिवाळीनंतर एका संध्याकाळीं आम्हीं घरीं तारप्याची एक मुद्रिका हळू आवाजांत लाविली होती. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा पाड्यावरून आले होते. ते उंबऱ्यापाशींच बसले. नातवानें हेंच वादन मोबाइलवर ऐकविलें तेव्हां, "माशी घोंगावते," म्हणून त्यांनीं हात झटकला होता. या वेळीं ते शेवटपर्यंत बोलले नाहींत. मग म्हणाले, "हा माणूस दम कुठें घेतो तें आतां कळलं." नातू आजोबांकडे पाहत राहिला. आजोबांस हें वाद्य वाजवितां येतें, ही गोष्ट त्या घरांत त्यास कोणी सांगितलीच नव्हती.

जात्यावरच्या ओव्यांचीहि हीच कथा. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनीं सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील बायकांच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांपैकीं पुष्कळ आतां "पारी" या संकेतस्थळावर ऐकतां येतात. आपल्या आजीचा आवाजहि ऐकण्यास योग्य आहे, हें मुलांस व्याख्यानानें पटत नाहीं. जो कर्णा केसरबाईंसाठीं, त्याच कर्ण्यावर तितक्याच अदबीनें पाड्यावरचा सूर लाविला, म्हणजे तें आपोआप पटतें.

आतां चार व्यवहाराच्या गोष्टी. नव्या घरांत गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती असतात. तेथें ध्वनि आपटून परत येतो व शब्द एकमेकांत मिसळतात. त्यावर औषध महाग नाहीं. जमिनीवर गोधडी, खिडकीस जाड पडदा, भिंतीपाशीं पुस्तकांचें कपाट एवढ्यानें मोठा फरक पडतो. कर्णे भिंतीस चिकटवूं नयेत, लोखंडी कपाटावर ठेवूं नयेत. दोन कर्णे व ऐकणारा हे समभुज त्रिकोणाच्या तीन कोनांवर असावे, आणि कर्ण्याचें वरचें लहान तोंड बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीस यावें. भूमितीचा असा गोड उपयोग क्वचितच सांपडतो! आषाढांत पत्र्यावर पाऊस कोसळूं लागला, तर त्याच्याशीं स्पर्धा करून आवाज वाढवूं नये. यंत्र बंद करावें व पाऊसच ऐकावा. यंत्रासाठीं कर्ज तर मुळींच काढूं नये. वापरलेली साधी जोडीहि चालते, आणि एका घरच्या जोडीवर दहा शेजाऱ्यांस ऐकतां येतें.

शेजाऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर कायदाहि सांगून टाकतों. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि उघड्यावर रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत ध्वनिवर्धकास मनाई आहे. कारखान्यांतील कामगारांसाठीं अमेरिकेंतील आरोग्यसंस्थेनें सुचविलेला हिशेब असा: ८५ डेसिबलच्या आवाजांत दिवसांतून आठ तास, आणि पुढें दर तीन डेसिबलांस ही मुदत निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला अवघीं पंधरा मिनिटें! कानांतील सूक्ष्म केसपेशी एकदां मेल्या म्हणजे मनुष्यांत त्या पुन्हां उगवत नाहींत. हळदीच्या मांडवांत आनंद असावा, नाच असावा; आमचा त्यास विरोध नाहीं. पण ज्या मुलाच्या कानांवर त्याचें सारें शिक्षण अवलंबून आहे, त्यास त्या भिंतीसमोर उभा करणारे आपण वडील माणसें आहोंत, हें आम्ही स्पष्ट म्हणतों. बंदीनें हें सुटेल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्यास हळू ऐकण्याची गोडी लागली, तो त्या भिंतीपासून आपण होऊन चार पावलें मागें सरतो.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस एवढीच विनंति आहे. आठवड्यांतून एक संध्याकाळ ठरवा. एकच गाणें निवडा. घरांतील सर्वांस बोलवा. आवाज इतका हळू ठेवा कीं कोणी बोलूं लागलें तर गाणें ऐकूं येऊं नये. आणि तें संपेपर्यंत कोणीहि उठूं नका. गांवांत भजनी मंडळाचा पखवाज वाजत असेल त्या दिवशीं मात्र यंत्र बंद ठेवून तेथें जा. जिवंत वाद्याची सर कोणत्याहि कर्ण्यास नाहीं.

ज्या मुलापासून हा लेख सुरू झाला, तो आतां शनिवारीं आमच्याकडे येतो. पहिल्या दिवशीं आम्हीं तंबोरा लाविला व गंधाराची गोष्ट त्यास सांगितली नाहीं. कांहीं वेळानें तो म्हणाला, "सर, कोणी तरी आंत वेगळाच सूर धरलाय." आम्हीं समाधानानें मान हालविली. मग त्यानें आणखी वरचा एक सूर दाखविला. तो आम्हांस ऐकूंच आला नाहीं. आमचे कान चाळिशी ओलांडून गेले आहेत. त्याचे अजून शाबूत आहेत, आणि ते तसेच राहावे, एवढीच आमची इच्छा आहे.