तिकीट माफ, पाणी वर्ज्य

‘आजी, भरपूर पाणी पी, मध्येमध्ये पाय मोकळे कर, गोळ्या वेळेवर घे.’ लांबच्या प्रवासाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला आपण फोनवरून हा सल्ला देतो आणि आपलं काम झालं असं समजतो. सल्ला चुकीचा नाही. पण उमरग्याहून पुण्याला, म्हणजे साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, एसटीने जाणारी आजी तो पाळू शकत नाही.

ती काय करते? आदल्या संध्याकाळपासून पाणी कमी करते. ब्लडप्रेशरसाठी दिलेली लघवीची गोळी त्या दिवशी घेतच नाही. गाडी कुठे थांबेल, तिथलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं असेल का, आपण परत येईपर्यंत गाडी उभी राहील का, यातलं काहीच तिच्या हातात नसतं. म्हणून ती स्वतःचं शरीरच बंद ठेवते. याला आपण कौतुकाने ‘आमची आजी अजून एकटी प्रवास करते’ म्हणतो.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं भाडं. मार्च २०२३पासून सगळ्याच महिलांना निम्मं भाडं. रेल्वेने मात्र मार्च २०२०मध्ये कोविडचं कारण सांगून ज्येष्ठांची सवलत थांबवली. कोविड ओसरला, सवलत परत आली नाही. त्या तुलनेत एसटी कितीतरी माणुसकीने वागली, हे मान्यच.

पण सवलत मिळाली ती भाड्यात. गुडघ्यांना, मूत्राशयाला, कमरेला काय मिळालं? जागतिक आरोग्य संघटनेने २००७मध्येच सांगितलं होतं, की चार तास किंवा जास्त वेळ एकाच जागी बसून प्रवास केला तर शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. हे फक्त विमानाबद्दल नव्हतं. बस, रेल्वे, मोटार सगळ्यांना लागू होतं. धाराशिवहून पुणं गाठायलाही चार तासांहून जास्तच लागतात.

‘फुकट मिळतंय, वर सोयीही हव्यात?’ हा प्रश्न हमखास येतो. फुकट म्हणजे उपकार, आणि उपकारात खोट काढायची नाही, असा त्यामागचा हिशेब. पण ज्यांनी आयुष्यभर पूर्ण तिकीट काढलं, त्यांना उतारवयात धड पायरी आणि स्वच्छ संडास मागायला लाज का वाटावी?

दुसरा शहाणपणा असा: ‘मग कॅब करून या.’ ईपीएसची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४पासून महिना १००० रुपये आहे. त्यात पुण्याची कॅब बसवून दाखवा. आणि ‘या वयात फिरायचं कशाला?’ म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की ही माणसं सहलीला निघालेली नसतात. मोठी तपासणी सोलापूरला असते, नातवंडं पुण्यात असतात. गाव सोडून तिकडे गेलो ते आपण. अंतर आपण वाढवलं, ते कापायचं मात्र त्यांनी.

मागणी काही मोठी नाही. लांब पल्ल्याच्या गाडीला दर दोन तासांनी ठरलेला थांबा असावा आणि तो तिकिटावर छापलेला असावा. तिथे पाणी असलेलं, कमोड असलेलं स्वच्छतागृह असावं. म्हातारं माणूस बसेपर्यंत गाडी हलू नये. यातल्या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही.

पुढच्या वेळी आजी आली की ‘प्रवास कसा झाला?’ विचारू नका. ती ‘बरा झाला’च म्हणेल. ‘वाटेत पाणी किती वेळा प्यायलीस?’ एवढंच विचारा. आणि जे उत्तर मिळेल ते तारीख आणि गाडीची वेळ घालून आगारप्रमुखांना लिहून पाठवा. फोन हातात आहेच.